चौथ्यांदा पाण्यावर

प्रश्न असा आहे: १५ फेब्रुवारी १९४४ रोजी नेथन गॉर्डन या अमेरिकन नौदलाच्या वैमानिकाने जपान्यांच्या ताब्यातल्या कावियेंग बंदरात कॅटलिना विमान चार वेळा पाण्यावर उतरवलं आणि पडलेल्या बॉम्बर विमानांतले पंधरा जण उचलून आणले. त्याबद्दल त्याला मेडल ऑफ ऑनर हे अमेरिकेचं सर्वोच्च लष्करी पदक मिळालं. पण कॅटलिना तर पाण्यावर उतरण्यासाठीच बनवलेली होती, मग यात एवढं काय मोठं? आणि नऊ जण विमानात सुखरूप असताना आणखी सहा जणांसाठी परत फिरणं बरोबर होतं का?

मी बावीस वर्षं समुद्रावरच्या शोध आणि सुटकेच्या कामात हेलिकॉप्टर उडवलं. पाण्यावर विमान उतरवणं माझ्या वाट्याला कधी आलं नाही, पण पाण्यातला माणूस वर घेणं हेच माझं काम होतं. कावियेंगची हकिकत मी पहिल्यांदा वाचली तेव्हा शौर्यापेक्षा त्यातल्या तीन-चार तांत्रिक गोष्टींनी माझी झोप उडवली होती. त्या समजल्या की दोन्ही प्रश्नांची उत्तरं मिळतात. थोडं सविस्तर लिहितो.

पाण्यावर उतरणारं विमान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तळं येतं, आणि ते चूक नाही. कॅटलिनांचे तळ आडोशाच्या पाण्यातच असत. दुसऱ्या महायुद्धात आपल्याकडे त्या मद्रासजवळच्या रेड हिल्स तलावावर, कराचीच्या कोरंगी खाडीत आणि सिलोनमध्ये कोग्गलाच्या सरोवरावर असायच्या. तिथून उडायचं, दिवसभर समुद्र धुंडाळायचा आणि परत तिथेच उतरायचं. उघड्या समुद्रावर उतरणं हे रोजचं काम नव्हतंच. खाडीत होडी हाकणं आणि पावसाळ्याच्या तोंडावर खाडीच्या मुखाबाहेर होडी काढणं यात किती फरक आहे, हे कोकणातल्या कुठल्याही तांडेलाला विचारा.

कारण समुद्राला वारा नसतानाही लाट असते. कुठेतरी शेकडो मैलांवर वादळ झालेलं असतं, त्यातून निघालेली लांब, गुळगुळीत लाट आपल्यापर्यंत येते. तिला आम्ही स्वेल म्हणतो. तिच्यावर फेस नसतो, ती मोडत नाही, त्यामुळे तीनशे मीटरवरून पाहिलं तर चादरीवरच्या चुणीसारखी दिसते. खाली गेलात की तीच चुणी भिंत होते. विमानाचं नाक त्या भिंतीत घुसलं तर पोट फाटतं. माथ्यावर टेकलं तर विमान चेंडूसारखं वर फेकलं जातं, आणि तेव्हा उडत राहण्याइतका वेग उरलेला नसतो, म्हणजे पुढचं पडणं आणखी वाईट. म्हणून वैमानिक स्वेलला आडवा जात नाही, तिच्या लांबीला धरून येतो, नाक वर ठेवून वेग शक्य तितका कमी करतो आणि विमान जवळजवळ खाली बसवतो. तरी तडाखा बसतोच. कॅटलिनाचं पोट म्हणजे पातळ ॲल्युमिनियमचे पत्रे आणि त्यांना जोडणारे रिव्हेट. आपटलं की रिव्हेट निसटतात आणि प्रत्येक भोकातून पाण्याची धार येते. अशा भोकांत शिसपेन्सिली ठोकून पाणी थांबवणं ही कॅटलिनाच्या कर्मचाऱ्यांची सवयीची युक्ती होती.

पण खरी अडचण उतरण्यात नाहीच. उतरायला गुरुत्वाकर्षण मदत करतं. उठायला कोणी मदत करत नाही.

लहानपणी तळ्यात चपटा दगड फेकून भाकऱ्या काढल्या असतील तर हे लगेच कळेल. दगडाला वेग असेल तोवर तो पाण्यावर टपटपत जातो, वेग गेला की पाणी त्याला ओढून घेतं. पाण्यावरच्या विमानाला याच्या उलटं करायचं असतं. सुरुवातीला ते नांगरासारखं पाणी कापत जातं आणि इंजिनांची सगळी ताकद पाणी ढकलण्यात जाते. मग कधीतरी पोट वर येतं आणि विमान पाण्यावर घसरू लागतं. पोटाखाली मुद्दाम एक पायरी ठेवलेली असते, तिच्यामुळे पाण्याची पकड सुटते. त्यानंतरच उडण्याचा वेग मिळतो, भरलेल्या कॅटलिनाला तो ताशी शंभर-सव्वाशे किलोमीटर तरी लागायचा. समोरून तीस किलोमीटरचा वारा असेल तर तेवढा वेग फुकट मिळतो. वारा पडलेला असेल तर एकेक किलोमीटर इंजिनांनाच कमवावा लागतो. इंजिनं दोन, प्रत्येकी १२०० अश्वशक्तीची, आणि भरलेल्या विमानाचं वजन पंधरा-सोळा टन.

गॉर्डनच्या पदकाबरोबरच्या मानपत्रात एक वाक्यांश आहे, तो वाचताना लोक पुढे सरकतात, मी तिथेच थांबतो. जड स्वेल आणि वारा जवळजवळ नाहीच, असं त्यात नोंदवलं आहे. म्हणजे लाट विमानाला वेग येण्याआधीच फेकणार, आणि फेकल्यावर वर धरून ठेवायला वारा नाही. अशा पाण्यावरून तो ओल्या, जखमी, जास्तीच्या माणसांसह उठला. एकदा नाही, चार वेळा.

तुलनेसाठी दुसरी घटना सांगतो. इंडियानापोलिस ही अमेरिकन युद्धनौका ३० जुलै १९४५ रोजी जपानी पाणबुडीने बुडवली. २ ऑगस्टला एड्रियन मार्क्स हा वैमानिक कॅटलिना घेऊन तिच्या खलाशांपर्यंत पोचला. उघड्या समुद्रावर उतरू नये असा हुकूम असताना त्याने आपल्या कर्मचाऱ्यांना विचारून विमान उतरवलं आणि छप्पन्न जण वर घेतले. आत जागा संपली तेव्हा त्यांना पंखांवर झोपवून पॅराशूटच्या दोऱ्यांनी बांधलं. ते विमान पुन्हा उडालं नाही. रात्री सेसिल जे. डॉइल हे जहाज आलं, माणसं तिकडे गेली आणि मोडकं विमान नंतर तोफा डागून बुडवण्यात आलं. मार्क्सने केलं ते थोरच. त्याचं विमान तरंगतं राहिलं एवढं पुरेसं होतं, कारण तिथे शत्रू नव्हता आणि जहाज वाटेवर होतं. कावियेंगमध्ये कोणतंही जहाज येणार नव्हतं. गॉर्डन उठला नसता तर बंदरात कैद्यांची संख्या वाढली असती, बाकी काही नाही.

आता ती माणसं तिथे पडलीच का, ते बघू. कावियेंग हे आजच्या पापुआ न्यू गिनीतल्या न्यू आयर्लंड बेटाच्या उत्तर टोकावरचं बंदर. जानेवारी १९४२ पासून जपान्यांकडे. त्या १५ फेब्रुवारीला न्यूझीलंडचे सैनिक ग्रीन बेटांवर उतरत होते आणि आसपासचे जपानी तळ दाबून ठेवणं गरजेचं होतं. अमेरिकन सैन्याच्या पाचव्या हवाई दलाची बी-२५ बॉम्बर विमानं कावियेंगवर गेली. ही विमानं सहसा उंचावरून बॉम्ब टाकत नसत. त्यांच्या नाकात ओळीने जड मशीनगन बसवलेल्या असत आणि ती विमानं घरांच्या छपरांवरून, जहाजांच्या डोलकाठ्यांच्या उंचीने येत. मार्च १९४३ मध्ये बिस्मार्क समुद्रातल्या लढाईत त्यांनी जहाजांवर बॉम्ब अक्षरशः भाकऱ्यांसारखे पाण्यावरून टपटपवत नेले होते.

या पद्धतीत नेम अचूक बसतो, पण तिची एक किंमत आहे. तीन हजार मीटरवर इंजिनाला गोळी लागली तर वैमानिकाकडे काही मिनिटं असतात. तो समुद्राकडे वळू शकतो, दूर जाऊ शकतो, पॅराशूटने उडी मारू शकतो. पन्नास मीटरवर गोळी लागली तर काही सेकंद असतात. उडी मारायला उंची नाही, दूर जायला वेग नाही. समोर जे पाणी दिसेल त्यात विमान टेकवायचं, आणि समोरचं पाणी म्हणजे ज्या बंदरावर आत्ता हल्ला केला तेच. म्हणून कावियेंगचे हे वैमानिक तोफांच्या समोर, किनाऱ्यावरून दिसतील असे रबरी तराफ्यांवर बसले होते. तिथलं पाणी उबदार असतं. उत्तर समुद्रात हिवाळ्यात पडलेला माणूस तासाभरात गारठून जायचा, इथे तो दिवसभर जगला असता. पण दिवसभर कोणी त्याला सोडणार नव्हतं. कैदेत काय झालं असतं याचा अंदाज करायला लांब जावं लागत नाही. पुढच्याच महिन्यात, मार्च १९४४ मध्ये, याच कावियेंगच्या धक्क्यावर जपानी नौदलाने ताब्यातल्या किमान तेवीस नागरिकांना गळा आवळून मारलं आणि प्रेतं वजनं बांधून समुद्रात सोडली. तो हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला युद्धानंतर फाशी झाली.

गॉर्डन तेव्हा कुठे होता? जमिनीवर झोपला नव्हता. कावियेंगच्या नैऋत्येला, साधारण अडीचशे किलोमीटरवर विटू बेटं आहेत, त्यांच्या आसपास तो हवेत घिरट्या घालत होता. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. हल्ल्याची योजना करतानाच "आपली काही विमानं पडणार" हे धरून सुटकेचं विमान आधीच हवेत ठेवलेलं होतं. अमेरिकन नौदलात अशा विमानांना सांकेतिक नाव होतं "डम्बो", कार्टूनमधल्या उडणाऱ्या हत्तीच्या पिल्लावरून. गॉर्डनची व्हीपी-३४ ही तुकडी एरवी काळ्या रंगाच्या कॅटलिनांतून रात्री जपानी जहाजं शोधून मारायची. दिवसा हे काम.

ही शिस्त युद्धाच्या सुरुवातीला सगळ्यांकडे नव्हती. जर्मनांकडे होती, त्यांनी १९३५ पासूनच समुद्रावरच्या सुटकेचं दल उभारलं होतं. १९४० च्या उन्हाळ्यात इंग्लिश खाडीवरच्या लढाईत ब्रिटिशांचे चांगले शिकलेले वैमानिक किनाऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात बुडाले, तेव्हा १९४१ मध्ये त्यांनी हवाई दलात सुटकेचं वेगळं संचालनालय काढलं. विमान कारखान्यात बनतं, वैमानिक तयार व्हायला वर्ष-दोन वर्षं लागतात, हा व्यवहार त्यामागे होताच. पण मला त्याहून मोठं कारण वाटतं ते माणसाच्या मनाचं. आपण पडलो तर कोणीतरी निघालेलं असेल, एवढं पक्कं माहीत असलेला माणूस वेगळा उडतो. मी ते स्वतः उडताना अनुभवलं आहे.

आता बंदरात. गॉर्डन किनाऱ्यावरच्या तोफांच्या माऱ्यात पहिल्यांदा उतरला. कॅटलिनाच्या मागच्या अंगाला दोन्ही बाजूंना काचेचे मोठे फुगवटे असतात, ते उघडले की पाण्याशी जवळपास समपातळीत खिडकी मिळते. माणसं तिथूनच ओढून घ्यायची. दोर फेकला, तराफ्यावरच्या माणसाने धरला, आणि मग लक्षात आलं की हे जमत नाही. इंजिनं चालू ठेवली की विमान पुढे सरकत राहतं. कार थांबवून ब्रेक दाबावा तसं पाण्यावर काही नाही, विमानाला ब्रेक नसतो. दोर धरलेला थकलेला माणूस पाण्यातून फरफटतो आणि त्याचे हात सुटतात.

म्हणून गॉर्डनने इंजिनं बंद केली.

माझ्या हिशेबात त्या दिवसाचा सगळ्यात अवघड निर्णय हा. तोफा आणि मशीनगन चालू आहेत, आणि तुम्ही हाताने स्वतःची दोन्ही इंजिनं बंद करता. एकतीस-बत्तीस मीटर पंखांचं विमान एका जागी डोलत राहतं. गरम इंजिन पुन्हा चालू होईल याची खात्री कोणी देत नाही. आणि वेळ किती लागेल हे तुमच्या हातात नसतं, ते त्या खिडकीतल्या दोन-तीन माणसांच्या दंडांवर अवलंबून असतं. भिजलेला, गणवेशातला, जखमी माणूस पाण्यातून वर घेणं किती जड असतं हे ज्याने केलं नाही त्याला सांगून कळत नाही. पाण्यात तो हलका वाटतो. कमरेपर्यंत वर आला की त्याच्या कपड्यांतलं सगळं पाणी वजन होऊन तुमच्या मनगटांवर येतं. शिवाय सुटका दिसली की माणसातला जोर एकदम निघून जातो. तासभर तराफ्याला घट्ट धरून राहिलेला माणूस तुमचा हात लागल्याबरोबर ढिला पडतो. आमच्याकडे वर घेताना काखेतून पट्टा असायचा आणि आम्ही ओरडायचो, "हात वर करू नकोस!" कारण हात वर केले की माणूस पट्ट्यातून खाली निसटतो. तरीही लोक हात वर करायचे. देवासमोर करावेत तसे.

असं तीन वेळा उतरून गॉर्डनने नऊ जण उचलले, त्यांतले बरेच जखमी. पण तो तिथे एकटा नव्हता, हेही लिहिलं पाहिजे. ३४५ व्या बॉम्बर गटाची बी-२५ विमानं डोक्यावर घिरट्या घालत किनाऱ्यावरच्या तोफांवर मारा करत राहिली. मेजर चेस्टर कोल्थार्प आपल्या विमानातलं इंधन घटत असताना तिथे थांबला. खाली इंजिन बंद करून थांबणारा आणि वर इंधन जाळत थांबणारा, दोघांनी मिळून ती सुटका केली. वाचलेल्यांच्या तोंडी सहसा खालच्याचं नाव राहतं. सुटकेचं काम केलेला कोणीही वरच्याला विसरत नाही.

नऊ जण घेऊन गॉर्डन तळाकडे निघाला आणि रेडिओवर निरोप आला: किनाऱ्यापासून ६०० यार्डांवर आणखी एक तराफा आहे. ६०० यार्ड म्हणजे साडेपाचशे मीटर. चालत सहा-सात मिनिटं. साधी रायफलही तिथवर पोचते.

आता तुमचा दुसरा प्रश्न. हिशेब मांडला तर तो परत फिरण्याच्या विरोधात जातो. आत नऊ जण, त्यांतले बरेच जखमी, शिवाय स्वतःचे कर्मचारी. विमान तीन वेळा आपटलेलं. सहा जण आणखी घेतले की पंधरा पाहुणे होणार, माणशी पंचाहत्तर किलो धरले तरी अकराशे किलोंच्या वर, तेही अंग आणि कपडे भिजलेले. आणि जपानी तोफखान्याला आता हे विमान काय करतं ते पाठ झालेलं.

पण मी त्या खुर्चीत बसून बघतो तेव्हा दुसऱ्या बाजूलाही काही दिसतं. त्या पाण्यावरून उठता येतं हे त्याला तीनदा उठल्यामुळे कळलेलं होतं, पहिल्या वेळी तेही माहीत नव्हतं. पोटातून येणारं पाणी कर्मचारी आवरत होते. वरची बॉम्बर विमानं अजून होती, आणि ती अर्ध्या तासाने नसती. म्हणजे जायचं असेल तर आत्ताच, नंतर येतो असं म्हणण्याची सोयच नव्हती. असे निर्णय धाडसी माणूस घेतो असं आपण म्हणतो. मी पाहिलेले चांगले वैमानिक अशा वेळी फार बारीक हिशेब करतात, फक्त तो हिशेब सेकंदांत होतो आणि त्यात तराफ्यावरच्या माणसांची बाजूही मांडलेली असते. म्हणून माझं उत्तर आहे: हो, बरोबर होतं. त्याने विमान वळवलं, कावियेंगच्या सगळ्यात भारी तोफांच्या माऱ्यात चौथ्यांदा पाण्यावर उतरला, सहाही जणांना आत घेतलं आणि वीसहून जास्त माणसांनी भरलेली कॅटलिना त्या बिनवाऱ्याच्या पाण्यावरून उठवली. त्याच्या कर्मचाऱ्यांना सिल्व्हर स्टार ही शौर्यपदकं मिळाली. तो स्वतः वकील होता, युद्धानंतर आर्कान्सासला गेला, १९४७ ते १९६७ अशी वीस वर्षं त्या राज्याचा लेफ्टनंट गव्हर्नर होता आणि २००८ मध्ये वारला.

आज हे काम हेलिकॉप्टर करतं, त्याला पाण्याला शिवावं लागत नाही. पाण्यावर उतरणारी सुटकेची विमानं अजून काही देशांकडे आहेत. जपानचं यूएस-२ तीन मीटरच्या लाटांवरही उतरतं, आणि हेलिकॉप्टर पोचत नाही इतक्या लांब अजून तेच लागतं. पण हेलिकॉप्टरचा वांधा इंधनाचा असतो, आणि परत फिरायचं की नाही हा प्रश्न तिथेही तसाच येतो.

मला तो एकदाच आला. ऑगस्ट महिना होता, रत्नागिरीच्या बाहेर एक मच्छीमार होडी उलटली होती. आम्ही पोचलो तेव्हा उलट्या तळावर दोघं दिसले. समुद्रातलं माणसाचं डोकं नारळी पौर्णिमेला सोडलेल्या नारळाएवढंच दिसतं, म्हणून तेही उशिराच दिसले. पहिला वर घेतला, पण वाऱ्यात त्याला इतका वेळ लागला की दुसऱ्यासाठी दोर सोडला असता तर परतीचं इंधन उरलं नसतं. मी हेलिकॉप्टर फिरवलं. गॉर्डनच्या डोक्यावर कोल्थार्प होता, माझ्या डोक्यावर ढग होते. किनाऱ्यावर उतरलो, पहिल्याला खाली दिलं, इंजिन चालू ठेवून इंधन भरलं आणि पन्नास मिनिटांनी परत तिथे होतो. तो होता. जाळ्याचा दोर कमरेला गुंडाळून त्याने स्वतःला होडीच्या कण्याला बांधून घेतलं होतं.

आत आल्यावर त्याने पाणी मागितलं नाही. म्हणाला, "साहेब, तुम्ही वळलात तेव्हा मी हात हलवला नाही. येणार तर तुम्ही होतातच. हात सोडला असता तर मीच नसतो."